पंक्तीच्या टोकाचे पान: आरोग्यावरील खर्च कसा वाटावा

मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा एक नेमका शब्द आहे. देवळाच्या मंडपात महाप्रसादाची पंगत बसलेली असते, भात वाढून झालेला असतो, आणि खतखत्याची बादली घेऊन निघालेला वाढपी ओळखीच्या पानापाशी दोनदा थांबतो. पंक्तीच्या टोकाला बसलेल्यापर्यंत तो पोचतो तेव्हा बादलीच्या तळाशी रस्सा तेवढा उरलेला असतो. टोकाला बसलेला माणूस अन्न अपुरे पडले म्हणून सहसा रागावत नाही. आपल्या पानात कमी पडले त्याला वाढण्याची रीत कारणीभूत आहे, हे त्याला लागते.

सरकार आरोग्यावर खर्च करते तेव्हा याच पंगतीचे दोन प्रश्न उभे राहतात. बादलीत जेवढे आहे तेवढ्यात जास्तीत जास्त माणसांचे भले कसे होईल, हा पहिला प्रश्न. त्याला अर्थशास्त्रात खर्च-परिणामकारकतेचा प्रश्न म्हणतात. कुणाच्या पानात काय पडते आणि का पडते, हा दुसरा, तो न्यायाचा. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा एकाच दिशेने जातात, पण जेव्हा ती एकमेकांविरुद्ध जातात तेव्हा कुणाला झुकते माप दिले हे स्पष्ट सांगून, सर्वांसमक्ष निर्णय व्हायला हवा, असे मला ठामपणे वाटते, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

गोव्यात सरकारी रुग्णालयात बरेच उपचार मोफत मिळतात. त्यामुळे निवड करण्याची वेळ आपल्यावर येतच नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात निवड रोज होत असते, फक्त ती दिसत नाही. समजा, पणजीजवळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, एक महागडे यंत्र घेण्याचे ठरले. त्या पैशांत डोंगरातल्या एखाद्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात भूलतज्ज्ञ नेमता आला असता, किंवा गावोगाव रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी करून औषधे देता आली असती. यंत्रामुळे ज्याचा जीव वाचतो त्याला आपण पाहतो, त्याचे नातेवाईक डॉक्टरांचे पाय धरतात. पण रक्तदाबाची गोळी वेळेत न मिळाल्यामुळे चार वर्षांनी ज्याला पक्षाघात होतो, त्याला हे ठाऊक नसते की त्याच्या वाट्याची गोळी चार वर्षांपूर्वी कुठल्या तरी बैठकीत दुसरीकडे गेली. अर्थशास्त्रज्ञ याला संधी-खर्च म्हणतात: एका गोष्टीवर पैसा घातला की त्याच पैशाने जे दुसरे होऊ शकले असते आणि झाले नाही, ती त्या निर्णयाची खरी किंमत. आरोग्याच्या बाबतीत ही किंमत कुणीतरी माणूस आपल्या शरीराने मोजतो, म्हणून ती लपून राहणे मला सर्वांत गंभीर वाटते.

'जिवाची किंमत कशी करणार?' हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यामागची कळकळ खरी असते. पण मोजमाप टाळल्याने किंमत ठरायची थांबत नाही. ती फक्त न बोलता ठरते, आणि न बोलता ठरणाऱ्या गोष्टींत ओळखपाळख, आवाज आणि राजधानीपासूनचे अंतर यांचा हात मोठा असतो. रडल्याशिवाय आईदेखील पाजत नाही, असे आपण म्हणतो. रडायला पणजीपर्यंत ज्याला येताच येत नाही, त्याचा विचार करायचा तर आधी काहीतरी मोजावे लागेल.

आता मोजतात कसे ते पाहू. प्रश्न असा की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे औषध आणि नैराश्यावरचे समुपदेशन या तीन अगदी वेगळ्या गोष्टींची तुलना कोणत्या मापाने करायची? त्यासाठी संशोधकांनी 'क्वॉली' नावाचे एकक तयार केले. आपण त्याला निरोगी वर्ष म्हणू. पूर्ण आरोग्यात जगलेले एक वर्ष म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०, आणि दुखण्यासह जगलेले वर्ष या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. समजा, एका बाईला असा आजार आहे की उपचाराविना ती आणखी १० वर्षे जगेल, पण वेदनेमुळे त्यातले प्रत्येक वर्ष पूर्ण आरोग्याच्या ०.६ इतकेच भरेल. म्हणजे १० गुणिले ०.६, एकूण ६ निरोगी वर्षे. उपचार मिळाला तर ती १२ वर्षे जगेल आणि प्रत्येक वर्ष ०.८ इतके असेल, म्हणजे ९.६. उपचारामुळे पदरात पडली ३.६ निरोगी वर्षे. उपचाराचा खर्च ३,६०,००० रुपये असेल, तर एका निरोगी वर्षाला एक लाख रुपये पडले. दुसरा एखादा उपचार तेच एक वर्ष वीस हजारांत देत असेल, तर तेवढ्याच पैशात तो पाचपट आरोग्य देतो.

हे ०.६ आणि ०.८ येतात कुठून, हा प्रश्न वाचकाला पडायलाच हवा. चालणे, स्वतःचे स्वतः आवरणे, रोजची कामे, वेदना आणि मनाची घालमेल अशा बाबींवर प्रश्नावल्या असतात, आणि त्यांतल्या प्रत्येक स्थितीला किती गुण द्यायचे हे बहुधा सर्वसामान्य नागरिकांना विचारून ठरवतात. इथे एक अडचण आहे. चाकांच्या खुर्चीवर वर्षानुवर्षे जगणारा माणूस स्वतःच्या आयुष्याला जेवढे गुण देतो, त्याहून पुष्कळ कमी गुण ती खुर्ची लांबून पाहणारे देतात, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. म्हणजे या मापाच्या पायातच धडधाकट माणसाची नजर घातलेली आहे.

माप मिळाले तरी 'परवडते' म्हणायचे कुठे हे ठरवावे लागते. इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेली 'नाइस' ही संस्था नवी औषधे आणि उपचार तपासते, आणि अनेक वर्षे तिने एका निरोगी वर्षाला २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा साधारणपणे पाळली. २०१५ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळाच हिशेब मांडला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चात थोडी वाढ किंवा कपात झाली, तर किती पौंडांमागे एक निरोगी वर्ष मिळते किंवा जाते, असे त्यांनी विचारले आणि उत्तर सुमारे १३ हजार आले. याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. ३० हजारांचे औषध मंजूर केले की एका रुग्णाला एक वर्ष मिळते, पण त्यासाठी पैसा जिथून काढला तिथल्या रुग्णांची मिळून दोनाहून अधिक वर्षे जातात. मंजुरी मिळालेला रुग्ण वर्तमानपत्रात येतो, बाकीचे येत नाहीत.

आपल्या देशात केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ पासून आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची, म्हणजे उपचार खर्चाच्या मानाने किती उपयोगी हे तपासण्याची, यंत्रणा उभी केली, आणि तिथे साधारणपणे देशाच्या दरडोई उत्पन्नाइतकी मर्यादा तुलनेसाठी धरतात. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. मग गोव्याने आपली मर्यादा वेगळी, वरची धरावी का? हिशेबाच्या दृष्टीने धरायला हरकत नाही, कारण राज्याच्या तिजोरीत खरोखरच जास्त आहे. पण तोच तर्क ताणला तर गोमंतकीयाचे एक वर्ष एखाद्या गरीब राज्यातल्या माणसाच्या दोन वर्षांच्या बरोबरीचे ठरते, आणि असे वाक्य कागदावर लिहिताना कुणाचाही हात थबकेल. मर्यादा ही तिजोरीची आहे, माणसाच्या मोलाची नाही, हे वारंवार सांगावे लागते ते यासाठीच.

फक्त आकड्यांवर विसंबले की काय होते, याचा धडा अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने दिला. गरिबांच्या सरकारी विमायोजनेत अधिक लोकांना घ्यायचे, पण सर्वांना सर्व उपचार देणे परवडत नाही, म्हणून त्या राज्याने उपचारांची क्रमवार यादी करायचे ठरवले. १९९० साली निव्वळ खर्च आणि फायदा यांच्या गुणोत्तरावर जी पहिली यादी निघाली, तिच्यात दाताला टोपी बसवणे हे आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) शस्त्रक्रियेच्या वर आले. गणितात तशी चूक नव्हती. दाताचे काम स्वस्त आहे, म्हणून एका शस्त्रक्रियेच्या पैशांत पुष्कळ दात सुधारता येतात आणि छोट्याछोट्या सुखाची बेरीज एका जिवाच्या पुढे जाते. पण आंत्रपुच्छ फुटायला आलेल्या पोराला दारात ठेवून दातांची रांग पुढे घेणे कुठल्याही माणसाला पटणार नाही, आणि तिथल्या लोकांनाही ते पटले नाही. यादी बदलावी लागली. सुधारित यादीलाही १९९२ मध्ये केंद्र सरकारने अडवले, कारण आयुष्याच्या दर्जाचे गुण लावताना अपंग व्यक्तींवर अन्याय होतो, असा आक्षेप आला. ज्याला आधीच अपंगत्व आहे त्याचा जीव वाचवला तरी त्याची वर्षे ०.७ ने मोजली जाणार, धडधाकट माणसाची १ ने. म्हणजे आजाराने एकदा मारले, आणि हिशेबाने पुन्हा. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर आजही मिळालेले नाही, असे मला वाटते.

मग आकडे बाजूला ठेवून शहाण्या माणसांच्या समितीवर सोडावे का? तेही करून झाले आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सिॲटल शहरात दीर्घकाळ चालणारे डायलिसिस पहिल्यांदा शक्य झाले तेव्हा यंत्रे मोजकी होती आणि रुग्ण कितीतरी. वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरलेल्या रुग्णांमधून निवड करण्यासाठी सामान्य नागरिकांची सात जणांची एक समिती नेमली. सदस्यांची नावे गुप्त होती. त्यांनी वय, लग्न झाले आहे का, मुले किती, नोकरी कोणती, चर्चला जातात का, समाजकार्य करतात का, अशा गोष्टी विचारात घेतल्या. ती माणसे दुष्ट नव्हती. आपापल्या बुद्धीने चांगल्या माणसांना वाचवू पाहत होती. पण 'चांगला माणूस' म्हणजे आपल्यासारखा माणूस, हे त्यांच्या नकळत ठरून गेले, आणि एकटा, फिरस्ता, चाकोरीबाहेरचा माणूस मागे राहिला. हे बाहेर आल्यावर जो गदारोळ उठला त्यातूनच आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्राची एक शाखा वाढली, आणि १९७२ मध्ये अमेरिकेने डायलिसिसचा खर्च जवळजवळ सर्वांसाठी सरकारने उचलण्याचा कायदा केला. त्यामुळे डायलिसिसचा प्रश्न तिथे सुटला, पण इतर आजारांचे रुग्ण विचारू लागले की आमच्या मूत्रपिंडांऐवजी आमची फुफ्फुसे निकामी झाली हा आमचा अपराध आहे का.

डायलिसिसपाशी थोडे थांबायला हवे, कारण न्याय आणि काटकसर यांची ओढाताण या एका उपचारात सर्वांत उघड दिसते, आणि गोव्याला हा विषय परका नाही. काणकोण तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराचे, तेही नेमके कारण हाती न लागलेल्या आजाराचे, प्रमाण अधिक असल्याची चिंता अनेक वर्षांपासून व्यक्त होते आहे आणि तिथल्या पाण्यावर अभ्यासही झाले आहेत. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून सहसा तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर राहावे लागते, आणि प्रत्यारोपण झाले नाही तर आयुष्यभर. आजार बरा होत नाही, माणूस जगतो एवढेच. त्यामुळे एका निरोगी वर्षाचा खर्च फार मोठा निघतो आणि निव्वळ गणित सांगते, याच्यावर पैसा घालू नका.

थायलंडने हे गणित स्वतः केले होते. २००२ मध्ये तिथे सर्वांसाठी आरोग्यसेवेची योजना सुरू झाली, पण खर्चामुळे डायलिसिस तिच्या बाहेर ठेवले गेले. गंमत नव्हे, विटंबना अशी की सरकारी नोकरांच्या आणि संघटित कामगारांच्या वेगळ्या योजनांमध्ये डायलिसिस मिळत होते. शेतकरी, मजूर, फेरीवाला यांच्या घरात तोच आजार आला की आधी जमीन जायची, मग कर्ज व्हायचे, आणि शेवटी पैसे संपले की माणूस जायचा. देशाच्या तज्ज्ञांनी मूल्यमापन केले तेव्हा एका निरोगी वर्षाचा खर्च त्यांच्या मर्यादेच्या कित्येक पट आला. तरीही २००८ मध्ये सरकारने डायलिसिस योजनेत घेतले. कारण उघडपणे सांगितले गेले: एकाच देशाच्या नागरिकांना नोकरीच्या प्रकारावरून जगण्याचा हक्क कमी-जास्त मिळू नये, आणि एका आजाराने घर धुळीला मिळू नये. पण हिशेबही त्यांनी फेकून दिला नाही. यंत्रावरच्या डायलिसिसऐवजी घरच्या घरी पोटातून करायचे डायलिसिस आधी द्यायचे असे ठरवले, कारण त्याला मोठी केंद्रे लागत नाहीत आणि खेड्यातल्या माणसाला दर दोन दिवसांनी शहर गाठावे लागत नाही. २०२२ मध्ये ही सक्ती काढून निवड रुग्णावर सोपवली आणि त्याचे काय परिणाम होतात यावरही तिथे वाद झाले. मला या सगळ्यातली एक गोष्ट विशेष मोलाची वाटते: न्यायासाठी आपण किती जास्त पैसे मोजतो आहोत, हे त्यांना ठाऊक होते, आणि ठाऊक असून त्यांनी ते मोजले.

भारतात २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सेवा मोफत देतो. घर उद्ध्वस्त होण्याचा मुद्दा आपल्याकडेही तेवढाच खरा आहे. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. घट मोठी आहे, पण उरलेला वाटाही लहान नाही. निरोगी वर्षांच्या हिशेबात हे कर्ज, गहाण पडलेले दागिने, मुलीचे थांबलेले शिक्षण कुठेच येत नाही. ते वेगळे मांडावे लागते.

आता गोव्याच्या नकाशाकडे येऊ. २०११च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. एवढ्या लहान राज्यात अंतराचा प्रश्न कसला, असे बाहेरच्यांना वाटते. पण मोठे वैद्यकीय कौशल्य बांबोळीत एकवटलेले आहे. त्याखालोखाल म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये, जी जुन्या लोकांच्या तोंडी अजून आझिलो आणि हॉस्पिसियो या नावांनीच येतात. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इथल्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसाला बस बदलत तिथे पोचायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडवायचा.

समजा, एक कोटी रुपये रक्तदाब आणि मधुमेहाच्या कार्यक्रमावर खर्च करायचे आहेत (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत). तिसवाडी, बार्देश आणि सालसेत या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांच्या दाट वस्तीत हा पैसा घातला तर २०० निरोगी वर्षे मिळतील, म्हणजे प्रत्येकी ५० हजार रुपयांत. तोच पैसा डोंगराळ तालुक्यांत घातला तर फिरते पथक, इंधन आणि विखुरलेली घरे यांमुळे १५० वर्षेच मिळतील, म्हणजे प्रत्येकी सुमारे ६७ हजारांत. गणित म्हणते, किनाऱ्याला द्या. आणि गणिताचे ऐकत राहिलो तर दरवर्षी हेच उत्तर येईल, कारण डोंगर दरवर्षी तिथेच असणार आहे. दुसरीकडे, डोंगराला दिले तर ५० वर्षे गमावली, आणि ती वर्षे कुणातरी खऱ्या माणसांची होती. किनाऱ्यावरही मासेमारी करणारे, घरकाम करणाऱ्या बायका, भाड्याच्या खोलीत राहणारे मजूर आहेतच. जो डोंगराची बाजू घेतो तो प्रत्यक्षात असे म्हणत असतो की आधीच मागे पडलेल्या माणसाचे एक निरोगी वर्ष मी निदान सव्वाच्या थोडे वर, नेमके सांगायचे तर १.३३ वर्षांइतके धरतो. हे पटते का? मला पटते. ज्याला इतर सुविधाही कमी मिळाल्या आहेत त्याच्या वर्षाला अधिक वजन द्यावे, ही भूमिका मी घेईन. पण वजन पाचपट देऊ का, असे विचारले तर मी थांबेन. आकडा मांडल्याशिवाय आपण कुठे थांबू हे आपल्यालाच कळत नाही, आणि त्यासाठीच न्यायाची बाजू घेणाऱ्यांनी हिशेबाला घाबरू नये असे मला वाटते.

कधीकधी दोन्ही एकत्र साधतात, आणि त्याची दोन उदाहरणे गोव्यातच आहेत. पहिले हृदयविकाराच्या झटक्याचे. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की पहिले काही तास निर्णायक असतात, आणि काणकोणहून बांबोळी ६०-७० किलोमीटर. 'स्टेमी गोवा' या उपक्रमात तालुक्याच्या आरोग्य केंद्रावर काढलेला ईसीजी गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवतात आणि त्यांच्या सल्ल्याने गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देतात. इंजेक्शन महाग आहे, पण वेळेत दिलेले महाग इंजेक्शन वाया न गेलेले हृदय परत देते, आणि दूर राहण्याची शिक्षाही कमी करते.

दुसरे उदाहरण जगभर उद्धृत होते, आणि आपल्याच लोकांना त्याची फारशी माहिती नाही याची मला खंत वाटते. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने 'मानस' नावाची चाचणी केली. १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखान्यांत, नैराश्य आणि चिंताविकार असलेल्या २,७९६ रुग्णांवर. मानसोपचारतज्ज्ञ मुळातच थोडे. म्हणून मानसिक आरोग्याची कोणतीही पूर्वीची पदवी नसलेल्या सामान्य व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेले रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले, खासगी दवाखान्यांत मात्र ठळक फरक दिसला नाही. पुढे खर्चाचा हिशेब मांडला गेला तेव्हा सरकारी केंद्रांत ही पद्धत परिणामकारक तर होतीच, पण रुग्णाचा वेळ आणि फेऱ्या धरता एकूण खर्चही कमी होत होता. मला यातला सरकारी-खासगी फरक बोलका वाटतो. खासगी डॉक्टर ओळखीच्या रुग्णाशी दोन शब्द बोलतो. सरकारी रांगेतल्या माणसाला ते दोन शब्दच मिळत नव्हते, आणि ते मिळाल्याबरोबर तो सावरू लागला. जिथे उणीव जास्त, तिथे एका रुपयाचे फळही जास्त, असे पुष्कळदा असते.

याच्या अगदी उलट टोकाला दुर्मीळ आजार उभे आहेत. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी हा स्नायू दुबळे करत नेणारा आजार झालेल्या बाळासाठीच्या एका जनुकीय उपचाराची किंमत १६ कोटींच्या घरात होती. केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात मदतीची मर्यादा पुढे ५० लाखांपर्यंत वाढवली गेली, पण ती तिथवर पोचत नाही. आधीच्या उदाहरणातल्या एक लाख रुपयांच्या दराने १६ कोटींत १,६०० निरोगी वर्षे येतात. तरीही एखाद्या बाळाचा फोटो पाहिला की आपण सगळे खिशात हात घालतो. डोळ्यांसमोरच्या माणसाला वाचवण्याच्या या ओढीला नीतिशास्त्रात 'रेस्क्यू'चा नियम म्हणतात, आणि ती ओढ माणुसकीची आहे. ती मारून टाकणारे धोरण मला नको आहे. इंग्लंडच्या 'नाइस'ने अतिदुर्मीळ आजारांसाठी २०१७ पासून मर्यादा एक लाख ते तीन लाख पौंड अशी वेगळी ठेवली. म्हणजे दया करायची, पण तिची हद्द आधीच सांगून, ज्यांच्या बाळाचा फोटो व्हायरल झाला नाही त्यांनाही तीच लागू करून.

योजनेची रचना करतानाही न्यायाचे निर्णय बारीक अक्षरांत होऊन जातात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे विमासंरक्षण ठेवले होते. तिघांच्या घरात माणशी ८३ हजार पडतात, आठ जणांच्या एकत्र कुटुंबात ५०. गोव्यातली घरे लहान होत चालली आहेत आणि कदाचित म्हणूनच हे कुणाला खटकले नसेल, पण वाड्यावरची मोठी घरे अजून आहेत. त्याच योजनेला गोव्यात पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, आणि २०१८ मध्ये गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडची दोडामार्ग-सावंतवाडीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला येत आली आहेत, बाजार आणि सोयरिकी इकडच्याच, आणि सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय हेच. कर गोमंतकीय भरतात, म्हणून त्यांना अग्रक्रम, हे कारण समजण्यासारखे आहे. पण तिजोरीत पैसा कमी आहे म्हणून सरकारी रुग्णालयाला आपत्कालीन उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या खटल्यात स्पष्ट केले आहे; तेव्हा सीमेचा विचार तातडीच्या दारात नव्हे, नियोजित उपचारांत आणि दोन राज्यांच्या तिजोऱ्यांमधल्या हिशेबात व्हावा, असे माझे मत आहे.

इतक्या प्रश्नांवर सर्वांचे एकमत होणार नाही. तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स आणि मानसोपचारतज्ज्ञ जेम्स सॅबिन यांनी १९९७च्या सुमारास हेच गृहीत धरून विचार मांडला. उत्तर कोणते न्याय्य यावर वाद राहणार असेल, तर निदान उत्तर काढण्याची रीत न्याय्य असू द्या. निर्णय आणि त्याची कारणे जाहीर असावीत. कारणे अशी असावीत की विरुद्ध बाजूच्या समंजस माणसालाही ती विचारात घेण्याजोगी वाटावीत. नवी माहिती आली किंवा कुणी दाद मागितली तर निर्णय फिरवता यावा. आणि हे सगळे खरोखर पाळले जाते ना हे पाहणारे कुणीतरी असावे. २०२१ मध्ये कोविडची लस आली तेव्हा आधी आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि ४५ वर्षांवरचे व्याधिग्रस्त, १ मेपासून १८ वर्षांवरचे सगळे, असा क्रम होता. तरुणांना थांबावे लागले, पण का थांबायचे हे घरातल्या शाळकरी पोरालाही सांगता येत होते.

आपल्या आरोग्यखात्याच्या इतर निर्णयांबाबत असे सांगता यायला फार काही लागत नाही. अंदाजपत्रक मंजूर झाले की एका पानावर साध्या मराठीत आणि कोकणीत लिहावे: यंदा कोणत्या सेवेवर नव्याने खर्च केला, कोणत्या तालुक्यासाठी, किती माणसांना त्याचा उपयोग होईल असा अंदाज आहे, कोणती मागणी नाकारली आणि कोणत्या कारणाने, आणि ते कारण चुकीचे वाटले तर कुणाकडे, किती दिवसांत लिहायचे. ते पान गोमेकॉच्या भिंतीवर लावून उपयोग नाही. ते वाळपईच्या केंद्रात लागावे, गावडोंगरीच्या उपकेंद्रात लागावे, आणि नेत्रावळीच्या ज्या माणसाच्या तालुक्याची मागणी यंदा नाकारली गेली, त्याला बसची वाट पाहता पाहता ते वाचता यावे.